धर्मभावनेचा कायदा आणि उपदेशाचें स्वातंत्र्य

नागपूरच्या सरकारी छापखान्यांत १९५६ सालीं छापलेला एक अहवाल गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. त्याचें लांबलचक नांव बाजूस ठेवून लोक त्याला ‘नियोगी-अहवाल’ म्हणतात. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठीं त्या वेळच्या मध्यप्रदेश सरकारनें १४ एप्रिल १९५४ रोजीं जी समिति नेमली, तिचा हा वृत्तान्त. नागपूर तेव्हां त्या प्रान्ताची राजधानी होतें. म्हणजे हें पुस्तक आमच्या कामठीपासून नऊ-दहा मैलांवर जन्मास आलेलें आहे. ह्या पुस्तकाचें नांव घेऊन भांडणारे मीं पुष्कळ पाहिले. तें वाचलेले फार थोडे भेटले. एकाला तें वेदवाक्य वाटतें, दुसऱ्याला द्वेषाचें पत्रक वाटतें, आणि बहुधा दोघांनींही तें उघडलेलें नसतें. टीकाकाराचें पहिलें कर्तव्य पुस्तक वाचणें हें असल्यामुळें तें मीं पार पाडलें आहे. तें सुखाचें झालें असें मात्र म्हणवत नाहीं.

वाचनाचें निमित्त घरगुती आहे. आमच्या शेजारची एक मुलगी परगांवीं कॉलेजांत शिकते. एकोणिसाव्या शतकांतील मराठी धर्मवादावर तिनें एक निबंध लिहिला. पाद्र्यांचे आक्षेप आणि आपल्या लोकांचीं उत्तरें तिनें त्यांत शेजारीं शेजारीं मांडलीं होतीं. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठीं तो निवडला गेला, आणि छपाईस जाण्याच्या आदल्या दिवशीं काढून टाकला गेला. कारण विचारतां उत्तर मिळालें, “कोणाच्या तरी भावना दुखावतील आणि कलम लागेल.” कोणाच्या, हें कोणालाच सांगतां येईना. ख्रिस्त्यांच्या दुखावतील कीं हिंदूंच्या, ह्याविषयीं संपादकमंडळांत दोन मतें होतीं असें कळतें! मुलगी निबंध घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काका, ह्यांत गुन्हा कोणता तेवढें दाखवून द्या.” तो शोधतां शोधतां मी ह्या अहवालापर्यंत येऊन पोहोंचलों, कारण धर्मप्रचाराचें वाङ्मय सरकारच्या ताब्यांत असावें ही कल्पना स्वतंत्र भारतांत इतक्या स्पष्टपणें मांडणारें दुसरें पुस्तक मला ठाऊक नाहीं.

समितीचे अध्यक्ष डॉ. भवानीशंकर नियोगी हे नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. सभासदांत घनश्यामसिंह गुप्त, शेठ गोविंददास प्रभृति मंडळी होती. ख्रिस्ती सभासद एकच : वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजांतील प्राध्यापक एस. के. जॉर्ज. गांधीजींच्या शिकवणुकीनें ख्रिस्ती धर्मापुढें कोणतें आव्हान उभें केलें ह्यावर इंग्रजींत पुस्तक लिहिणारा हा मनुष्य होता. तेव्हां चर्चच्या अधिकाऱ्यांना तो आपला वाटणें कठीणच होतें. समितीनें चौदा जिल्हे पाहिले, सत्याहत्तर ठिकाणांना भेटी दिल्या, सातशें गांवांतल्या मिळून ११,३६० माणसांशीं ती बोलली, ३७५ लेखी निवेदनें तिच्याकडे आलीं. नव्याण्णव प्रश्नांची एक प्रश्नावलि काढण्यांत आली. तिला जीं ३८५ उत्तरें आलीं त्यांपैकीं ख्रिस्त्यांचीं अवघीं ५५. आरंभीं दौऱ्यांत साहाय्य करणारे कॅथॉलिक पुढें अंग काढून बसले, त्यांनीं निषेध नोंदविला आणि नागपूरच्या उच्च न्यायालयांत अर्ज केला. तो १२ एप्रिल १९५६ रोजीं फेटाळला गेला.

इतक्या परिश्रमानें जमविलेल्या सामग्रीचा अनादर करणें अन्यायाचें होईल. सुरगुजा, रायगड ह्या भागांतील आदिवासी खेड्यांच्या ज्या तक्रारी अहवालांत नोंदल्या आहेत, त्या वाचतांना मन अस्वस्थ होतें. मिशनकडून कर्ज मिळतें, आणि धर्म स्वीकारला कीं त्या कर्जाचा तगादा थांबतो. शाळेंतलें पोर, दवाखान्यांतला रोगी, दुष्काळांतला कुणबी ह्यांच्या गरजेचा धर्मप्रसारासाठीं उपयोग केला जातो. पत्रकांतून राम-कृष्णांची टवाळी केली जाते. ह्यांतील सर्वच खोटें असेल असें मला वाटत नाहीं. ज्या पाद्र्यानें भुकेल्या माणसापुढें एका हातांत धान्य आणि दुसऱ्या हातांत शुभवर्तमान धरलें, त्यानें त्या शुभवर्तमानाचाच अपमान केला, असें जॉर्ज ह्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

पण ग्रंथ म्हणून पाहतां अहवाल ज्या क्षणीं खेडें सोडतो त्या क्षणीं त्याची शैली बदलते. साक्षीदार मागें पडतात आणि प्राचीन काळापासूनचा मिशनांचा इतिहास सुरू होतो. मग पाश्चात्य राष्ट्रांचें राजकारण येतें, आणि हिंदुस्थानांतला धर्मप्रचार हा पाश्चात्यांचें प्रभुत्व पुन्हा स्थापण्याच्या एका जागतिक धोरणाचा भाग दिसतो, असा निष्कर्ष येतो. सुरगुज्यांतील कर्जाच्या चिठ्ठीपासून जगाच्या राजकारणापर्यंतची ही उडी एका निवृत्त मुख्य न्यायाधीशानें मारावी ह्याचें आश्चर्य वाटतें. न्यायासनावर बसून त्यांनीं असा पुरावा किती वेळ ऐकून घेतला असता? न्यायाधीश आणि फिर्यादीचा वकील एकाच खुर्चीवर बसले म्हणजे वाक्यें लांबतात, विशेषणें वाढतात. ह्या पुस्तकांत तें जागोजाग घडलें आहे.

शिफारशींचें तसेंच. वैद्यकीय सेवेचा उपयोग धर्मांतराचें साधन म्हणून होऊं नये, ही शिफारस कोणीहि सुज्ञ ख्रिस्ती मनुष्य मान्य करील. परंतु सरकारच्या संमतीवांचून धर्मप्रचाराचें वाङ्मय प्रसृत करण्यास बंदी असावी, अशीहि एक शिफारस तींत आहे. एखाद्या साहित्याच्या प्राध्यापकाची झोंप उडावी असें तें वाक्य आहे. संमति देणारा कोण? जिल्ह्याचा अधिकारी? त्याच्या टेबलावर पाद्र्याचें पत्रक जाईल त्याच दिवशीं एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ही गेला पाहिजे. त्यांत तुर्क हिंदूच्या देवांना नांवें ठेवतो, हिंदु तुर्काच्या निमाजाला नांवें ठेवतो, दोघेहि एकमेकांना मूर्ख म्हणण्यास कमी करीत नाहींत, आणि शेवटीं एकमेकांना आलिंगन देतात. अर्धा संवाद वाचून कारकुनानें शेरा मारला तर आलिंगनापर्यंत पोहोंचणार कोण? शेंदऱ्या दैवतांवर आणि भोंदू गुरूंवर तुकोबांनीं जो आसूड ओढला त्याला कोणत्या कचेरींतून परवाना मिळाला असता?

ह्या प्रश्नाचें मूळ नियोगींच्याहि बरेंच मागें आहे. १८३७ सालीं मेकॉलेच्या कमिशनानें हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा केला, त्यांत धर्मविषयक अपराधांचें स्वतंत्र प्रकरण घातलें. प्रत्येकाला आपला धर्म पाळूं द्यावा आणि कोणालाहि दुसऱ्याच्या धर्माचा अपमान करूं देऊं नये, हें त्यामागील सूत्र. ह्या कलमानें पाद्र्याचा उपदेशच गुन्हा ठरेल अशी शंका तेव्हांच निघाली. ती रास्त होती. तुमचा देव खरा नव्हे, हें म्हटल्यावांचून मूर्तिपूजेविरुद्ध उपदेश होतच नाहीं, आणि हें ऐकून कोणाला तरी दुःख होणारच. म्हणून १८६० च्या संहितेंत २९८ वें कलम आलें तेव्हां ‘बुद्धिपुरस्सर’ हा शब्द मोठ्या जाणीवपूर्वक घालण्यांत आला. धर्मचर्चेला पुरेशी मोकळीक असावी, आणि चर्चेच्या मिषानें मुद्दाम केलेला अपमान तेवढा दंडनीय व्हावा, असा त्याचा उद्देश. वादाच्या भरांत तोंडून निसटलेला कठोर शब्द त्या कलमांत बसत नाहीं. कायदा करणारा मनुष्य परदेशी होता, पण आपल्याकडील वादसभेची त्याला कल्पना असावी असें वाटतें.

ती वादसभा कशी होती हें पाहावयाचें असल्यास मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जावें. १८५७ च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री ह्यांचे तेथें जाहीर वाद झाले. दंडसंहिता अमलांत येण्यास अद्याप पांच वर्षें अवकाश होता. संध्याकाळीं वाळूवर लोक जमत. एका बाजूला धोतर नेसलेला हा विलक्षण ब्राह्मण, दुसऱ्या बाजूला जॉर्ज बोवेन ह्यांच्यासारखा विरक्त अमेरिकन मिशनरी. पाद्री पुराणांतील गोष्टी काढीत, बुवा बायबलांतील विसंगति काढीत. पुराणांतील देवांच्या नीतीवर पाद्र्यांनीं जे आक्षेप घेतले ते आज छापले तर दुसऱ्या दिवशीं पोलिसठाण्यावर गर्दी होईल. आणि कुमारीच्या पोटीं झालेल्या जन्मावर वा देवाला पुत्र असण्यावर आपल्या लोकांनीं जीं उत्तरें दिलीं तीं छापलीं तर तिसऱ्या दिवशीं दुसरी गर्दी. बोवेन ह्यांनीं ह्या वादांचा गोषवारा इंग्रजींत त्याच वर्षीं प्रसिद्ध केला. मराठींत ‘समुद्रकिनारींचा वादविवाद’ पुढें १८७२ मध्यें, बुवांच्या मृत्यूनंतर, निघाला. एकाच वादाचे दोन्ही पक्षांनीं प्रसिद्ध केलेले वृत्तान्त आपल्याला मिळावेत ही भाग्याचीच गोष्ट होय. दोन्ही वाचले म्हणजे प्रत्येकाला आपणच जिंकलों असें वाटत होतें हें कळतें.

त्याच्याहि पंचवीस वर्षें आधीं मोरभट दांडेकरांनीं हिंदुधर्माच्या मंडनार्थ ग्रंथ लिहिला होता, आणि डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ मध्यें त्याला उत्तर दिलें होतें. विल्सनसाहेबांच्या पुस्तकाच्या नांवांतच हिंदुधर्माचें बिंग फोडण्याची प्रतिज्ञा होती. आज तें शीर्षक कोणा प्रकाशकाला छापवेल असें वाटत नाहीं. पण त्या पुस्तकानें काय झालें? मोरभटांच्या पक्षाला आपलीं शास्त्रें पुन्हा उघडून पाहावीं लागलीं. मराठी गद्याला युक्तिवादाची जी पहिली कसरत घडली ती अशा आखाड्यांत घडली. बाळशास्त्री जांभेकर, दादोबा पांडुरंग, पुढें जोतीराव फुले ह्यांच्या गद्यामागें ह्या वादांचें वातावरण आहे. मराठी निबंध केवळ मोरोपंतांच्या घरांतून आला नाहीं. तो थोडा पाद्र्याच्या घरावरूनहि आला आहे, आणि वाटेंत त्यानें पाद्र्याशीं चार हात केले आहेत.

आमच्या भागांत ह्या परंपरेचें नांव स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी १८४५ मध्यें नागपुरांत आला आणि १८६३ च्या सप्टेंबरांत नदी ओलांडतांना बुडून मरण पावला. तो उपदेश करी, शाळा चालवी, दगड गोळा करी आणि गोंडांचीं गाणीं उतरून घेई. त्याचे आदिवासींवरील कागद रिचर्ड टेंपल ह्यांनीं १८६६ मध्यें प्रसिद्ध केले. नियोगी-अहवालांतील मिशनरी आणि हिस्लॉप हे दोघेहि खरेच असतील. पण अहवाल वाचून हिस्लॉपची कल्पना येत नाहीं, ही अहवालाची मोठी उणीव आहे.

धर्मांतरानें जें खरें दुःख होतें तें तर कोणत्याच कलमांत मावत नाहीं. नागपुरांत अप्पासाहेब बुटींच्या आश्रयास असलेल्या नारायण वामन टिळकांना नागपुराहून राजनांदगांवाकडे जातांना आगगाडींत एक मिशनरी भेटला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर त्या वेळीं काय कोसळलें हें ‘स्मृतिचित्रें’ वाचणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. ज्याला भावना दुखावणें म्हणतात त्याचें ह्याहून मोठें उदाहरण मराठींत नाहीं. पण त्या दुःखाची दाद लक्ष्मीबाईंनीं कोणाकडे मागावी? टिळकांनीं कोणाचा अपमान केला नव्हता. त्यांनीं फक्त एक गोष्ट खरी मानली आणि तींप्रमाणें ते वागले. पांच वर्षांनीं लक्ष्मीबाई स्वतः त्याच मार्गानें गेल्या, त्या कोणाच्या हुकुमानें नव्हे. पुढें टिळकांनीं ख्रिस्तभक्ति अभंगांत आणि कीर्तनांत आणली, आणि ज्या समाजानें त्यांना बाहेर टाकलें त्याच समाजाच्या मुलांनीं त्यांच्या कविता पाठ केल्या. हें सर्व सरकारच्या संमतीनें झालें असतें काय, असा विचार मनांत येतो.

असो. २९८ व्या कलमांतला तो सावध शब्द पुढें टिकला, पण कलमें वाढलीं. लोकमान्यांवर १८९७ मध्यें खटला झाला आणि पुढच्याच वर्षीं १५३-अ कलम आलें. मग लाहोरास ‘रंगीला रसूल’ प्रकरण उद्भवलें. प्रकाशक राजपाल ह्यांना १९२७ च्या मे महिन्यांत न्या. दलीपसिंग ह्यांनीं निर्दोष सोडलें. असल्या लिखाणाला तेव्हांच्या कलमांत जागा नाहीं असें त्यांचें म्हणणें. खवळलेल्या लोकमतापुढें त्याच वर्षीं २९५-अ जन्मास आलें. तरी १९२९ मध्यें राजपालांचा खून झाला तो झालाच. कायद्यानें सुरी थोपली नाहीं. १९५७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें कलम वैध ठरविलें, परंतु केवळ दुष्ट हेतूनें आणि बुद्धिपुरस्सर केलेला, अपमानाचा उग्र प्रकारच त्यांत येतो, अशी मर्यादा घातली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता जाऊन न्यायसंहिता आली. त्या जुन्या कलमांचे आंकडे आतां १९६, २९९ आणि ३०२ असे झाले आहेत. मजकूर ओळखीचाच आहे.

न्यायालयाची ही मर्यादा कागदावर चांगली आहे. व्यवहारांत ती शेवटच्या दिवशीं कामास येते. फिर्याद मात्र पहिल्या दिवशीं होते. ज्याच्यावर फिर्याद झाली तो वकील करतो, तारखा मोजतो, नोकरी सांभाळतो, आणि पांच-सात वर्षांनीं निर्दोष सुटतो. म्हणूनच त्या कॉलेजनें निबंध काढला. न्यायालयांत काय होईल ह्याची त्यांना भीति नव्हती. न्यायालयाच्या दारापर्यंतच्या वाटेची होती.

घटनासमितींत ६ डिसेंबर १९४८ रोजीं ‘प्रचार’ ह्या शब्दावर जो वाद झाला तो आजहि वाचण्यासारखा आहे. लोकनाथ मिश्र ह्यांचा त्या शब्दास विरोध होता. कन्हय्यालाल मुनशी आणि टी. टी. कृष्णम्माचारी त्या शब्दाच्या बाजूनें उभे राहिले. मुनशींनीं तर ख्रिस्ती समाजाशीं झालेल्या तडजोडीचें स्मरण करून दिलें. शब्द राहिला आणि पंचविसाव्या कलमांत बसला. पुढें नियोगी-अहवालाच्या वातावरणांतून आलेला मध्यप्रदेशचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा ह्या शब्दाच्या समोर उभा ठाकला. (विदर्भ १९५६ च्या नोव्हेंबरांतच त्या प्रान्तांतून निघून गेला होता, म्हणून तो आम्हांस लागला नाहीं.) रायपूरच्या रेव्ह. स्टॅनिस्लाउस ह्यांचा दावा १९७७ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत निकालांत निघाला. आपल्या धर्माचीं तत्त्वें समजावून सांगणें हा प्रचार. दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यांत येत नाहीं, असा तो निर्णय. सीरवाईंसारख्या घटनापंडितानें त्याच्यावर कडक टीका केली आहे, आणि मला ती पटते. समजावून सांगावें पण पटूं देऊं नये, असा उपदेश कोणी केला आहे काय?

त्या कायद्यांत ‘बळजबरी’ची व्याख्या करतांना दैवी कोपाची धमकी हीहि बळजबरीच मानली आहे. गुजरातच्या २००३ च्या कायद्यांतहि तेच शब्द आहेत. ह्या शब्दांपाशीं थांबलें पाहिजे. पाप केल्यास नरक, पश्चात्ताप केल्यास मोक्ष, हा ख्रिस्ती उपदेशाचा कणा आहे. तो पाद्र्यानें कसा टाळावा? आणि पाद्र्याचेंच कशाला, सत्यनारायणाची पोथी घ्या. साधुवाण्यानें नवस फेडला नाहीं, तर त्याच्या नशिबीं कैद आली. प्रसादाचा अवमान झाला, तर नाव नाहींशी झाली. घरोघरीं पौर्णिमेला ही धमकी आपण शिऱ्याबरोबर ग्रहण करतों. त्या दिवशीं एखादा अन्यधर्मी मित्र घरीं आला आणि ती कथा ऐकून हळूहळू भजनाला बसूं लागला, तर भटजींवर कलम लावावयाचें काय? आपल्या कथेंतला दैवी कोप गोड वाटतो आणि दुसऱ्याच्या कथेंतला गुन्हा वाटतो, इतकाच ह्यांतला फरक. मध्यप्रदेशानें २०२१ मध्यें जुना कायदा काढून नवा, अधिक कडक कायदा केला. मूळ अडचण त्यानें सुटलेली नाहीं.

ख्रिस्ती बांधवांनाहि मला एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती त्यांना गोड लागणार नाहीं. हें हत्यार आपल्यावर उगारलें गेलें म्हणजे तें वाईट आणि आपल्या हातीं आलें म्हणजे चांगलें, असें त्यांच्याकडूनहि घडलें आहे. २०१२ च्या मार्चांत मुंबईस इर्ल्याच्या चर्चपाशीं क्रूसावरून पाणी ठिबकूं लागलें. बुद्धिवादी सनल एडमरुकु ह्यांनीं तेथें जाऊन तें भिंतींतून झिरपणारें पाणी असल्याचें सांगितलें आणि चर्चवर कडक शब्दांत टीका केली. कॅथॉलिक संस्थांनीं त्यांच्याविरुद्ध ह्याच २९५-अ खालीं फिर्यादी केल्या, आणि एडमरुकु त्याच वर्षीं फिनलंडास निघून गेले. त्यापूर्वीं २००६ मध्यें ‘दा विंची कोड’ चित्रपटावर गोव्यानें बंदी घातली होती. ज्यांच्या पूर्वजांनीं चौपाटीवर उभें राहून लोकांच्या देवांना खोटें म्हणण्याचा हक्क बजावला, त्यांना एका नळाच्या पाण्याविषयींचें वाक्य सहन होऊं नये! समुद्रकिनाऱ्यावरचा बोवेन हें ऐकून खाली मान घालील असें मला वाटतें.

हा घोटाळा केवळ आपलाच नाहीं. स्वीडनमध्यें ऑके ग्रीन नांवाच्या पाळकानें २००३ मध्यें समलिंगी संबंधांविरुद्ध अत्यंत कठोर प्रवचन केलें. द्वेषविरोधी कायद्याखालीं त्याला २००४ मध्यें एक महिन्याची शिक्षा झाली. २९ नोव्हेंबर २००५ रोजीं तेथल्या सर्वोच्च न्यायालयानें त्याला सोडलें. त्याचीं मतें मला मान्य नाहींत. त्याला तुरुंगांत घालावें हेंहि मान्य नाहीं. अमेरिकेनें २००९ मध्यें द्वेषमूलक गुन्ह्यांचा नवा कायदा केला तेव्हां तेथल्या कांहीं पाळकांनीं आपलीं प्रवचनें आतां गुन्हा ठरतील अशी ओरड केली. पण तो कायदा वाचला तर तो माणसाच्या शरीराला केलेल्या इजेविषयीं आहे. वाणीचें आणि धर्माचें स्वातंत्र्य त्यानें स्वतंत्र कलमें घालून राखलें आहे. म्हणजे त्या पाळकांचें भय बरेंचसें अनाठायीं होतें. माणूस कोणत्या जातीचा वा धर्माचा म्हणून त्याला मारलें, ही बाब शिक्षेच्या वेळीं विचारांत घेणें निराळें, आणि तो काय बोलला म्हणून त्याला धरणें निराळें. आपल्या कायद्यानें ह्या दोहोंपैकीं दुसऱ्याचीच चिंता अधिक वाहिली आहे.

ह्याचें कडू प्रत्यंतर ओरिसांत आलें. २२ जानेवारी १९९९ च्या रात्रीं मनोहरपूर येथें कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांचीं दोन मुलें मोटारगाडींत झोंपलेलीं असतां त्यांना जिवंत जाळण्यांत आलें. २०११ च्या २१ जानेवारीस सर्वोच्च न्यायालयानें मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली; पण निर्णयांत, स्टेन्स ह्यांना त्यांच्या धर्मकार्याबद्दल धडा शिकविण्याचा हेतु होता, अशा आशयाचें एक वाक्य, आणि धर्मांतराविषयीं दुसरें एक वाक्य येऊन गेलें. वर्तमानपत्रांत गहजब झाला, आणि चार दिवसांनीं न्यायालयानें आपण होऊन तीं वाक्यें काढलीं. काढलीं हें चांगलें झालें. पण इतक्या उच्च स्थानीं, इतक्या काळजीनें लिहिलेल्या मजकुरांत तीं शिरलीं कशीं? मला वाटतें, नियोगी-अहवालाच्या शैलींतलें कांहीं तरी आपल्या सर्वांच्या लेखणींत उतरलें आहे. प्रेताजवळ उभे असतांहि आपण आधीं मृताच्या उपदेशाची चौकशी करतों.

आतां ह्या अहवालाविषयींची एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती अहवालांत नाहीं. अहवाल निघाला त्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, डॉ. आंबेडकरांनीं नागपुरांत लक्षावधि लोकांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. आमच्या कामठीहूनहि माणसांचे लोंढे त्या दिवशीं नागपूरच्या वाटेनें गेल्याचें वडीलधारी माणसें सांगत. बावीस प्रतिज्ञा झाल्या. त्यांत ब्रह्मा, विष्णु, महेश ह्यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा होती, रामकृष्णांची होती, गौरी-गणपतीची होती. त्या प्रतिज्ञा ऐकून कित्येकांचीं मनें दुखावलीं असतील. पण त्या उघड मैदानांत, दिवसाढवळ्या म्हटल्या गेल्या आणि आजहि दरवर्षीं म्हटल्या जातात. (२०२२ मध्यें दिल्लींतल्या एका मंत्र्यास अशाच एका समारंभास हजर राहिल्यावरून उठलेल्या गदारोळांत राजीनामा द्यावा लागला, तेव्हां कोणाला काय दुखेल हें स्थळकाळावरहि अवलंबून असतें असें दिसतें.) त्या ऑक्टोबरांत नागपुरांत ज्यांनीं नव्या धर्माचा स्वीकार केला त्या प्रतिष्ठितांत एक नांव होतें डॉ. भवानीशंकर नियोगी, निवृत्त मुख्य न्यायाधीश.

ह्यांत दांभिकपणा आहे असें मी मुळींच म्हणत नाहीं. पैशानें वा भयानें केलेलें धर्मांतर आणि विचारानें केलेलें धर्मांतर ह्यांत नियोगींना फरक दिसत होता, आणि तो आहेच. पण तो फरक कोणी ओळखावयाचा? त्यांच्या स्वतःच्या बाबतींत तो त्यांनींच ओळखला. कोणा समितीनें त्यांना नव्याण्णव प्रश्न विचारले नाहींत. सुरगुज्यांतल्या उरावाच्या बाबतींत मात्र तो सरकारनें ओळखावा अशी त्यांची शिफारस होती. निवृत्त न्यायाधीशाला स्वतःचें मन कळतें आणि जंगलांतल्या माणसाला कळत नाहीं, हें गृहीतक अहवालाच्या पानोपानीं आहे, आणि तें गृहीतक मिशनऱ्यांचेंहि होतें. म्हणूनच हे दोन पक्ष एकमेकांवर इतके रागावतात कीं काय कोण जाणे.

शेजारच्या मुलीचा निबंध मीं दोनदां वाचला. पाद्र्यांच्या आणि बुवांच्या वाक्यांत तिनें पक्षपात केलेला नाहीं. बुवांचा एक युक्तिवाद लंगडा आहे असें तिनें धीटपणें लिहिलें आहे, आणि विल्सनसाहेबांना संस्कृत येत असूनहि सहानुभूति येत नव्हती असेंहि लिहिलें आहे. काल संध्याकाळीं ती कागद न्यावयास आली. गुन्हा कांहीं सांपडला नाहीं, असें मीं तिला सांगितलें. चूक मात्र एक सांपडली : समुद्रकिनाऱ्यावरील वादाचें साल तिनें १८५८ असें घातलें होतें. तें तिथेंच बसून तिनें दुरुस्त केलें.